कपाळ वाचणारं घर

साताऱ्यातल्या आमच्या घरात देवघर नाही. भिंतीत एक कोनाडा आहे. आधीच्या मालकांनी तो देवांसाठीच केला असणार, कारण त्याला वरून छोटी कमान आहे आणि आत तेलाचा जुना काळपटपणा अजून आहे. त्या कोनाड्यात बाबांनी पत्रकांचे गठ्ठे ठेवले. पिवळी, गुलाबी, फिकट हिरवी. लोकांच्या घरी मुलं हात जोडायला शिकतात, त्या वयात मी कागदाची घडी घालायला शिकले. कडेला कड लावायची, दाबायचं आणि घडीवरून नख फिरवायचं. नख फिरवलं नाही तर घडी फुगते आणि पत्रक शर्टाच्या खिशात बसत नाही. खिशात न बसणारं पत्रक लोक रस्त्यावर टाकतात, असं बाबा म्हणायचे.

बाबा शाळेत शिक्षक होते आणि उरलेल्या सगळ्या वेळात पत्रकं काढायचे. त्यांचं सगळ्यात जास्त वेळा छापलेलं पत्रक सटवाईवर होतं. बाळ जन्मलं की पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून घरातल्या बायका कोरा कागद आणि पेन पाटावर ठेवतात. बाबांच्या पत्रकाचा मथळा होता, ‘कपाळ कोरंच असतं!’ आत लिहिलं होतं की पाचवीच्या रात्री बाळंतिणीला झोप द्या, बाळाला लस द्या, आणि कागद-पेन ते मूल शाळेत जाईल त्या दिवसासाठी जपून ठेवा. मला ते तोंडपाठ होतं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत मी ते हात वर करून म्हटलं होतं.

अशा घरात आईचं कपाळ होतं.

आईच्या कपाळावर आडव्या रेघा होत्या. एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत खोल गेलेल्या, एकीखाली एक. माझ्या पहिल्या आठवणीतही त्या आहेत. ती काही वाचायला लागली की भुवया वर जायच्या आणि रेघा आणखी खोल व्हायच्या. आमच्या सगळ्या पत्रकांची प्रूफं तीच वाचायची. खिडकीजवळ बसायची, हनुवटी किंचित वर उचलायची आणि कागद नाकासमोर धरायची. पाहुणे आले की बाबा तिच्याकडे बोट करायचे.

“ह्या रेघा सटवाईच्या हातच्या नाहीत बरं का. विचार करून करून पडल्यात.”

पाहुणे हसायचे. आई चहा टाकायला उठायची.

हा विनोद पुढे घराचा नियमच झाला. बाबांच्या गटातले कार्यकर्ते मजकूर घेऊन यायचे आणि म्हणायचे, “आधी वहिनींच्या कपाळाला दाखवा.” तिने वाचताना भुवया वर नेल्या की मजकूर फसला असं धरून ते तो पुन्हा लिहायला बसायचे. ती क्वचितच काही बोलायची. बोलायची गरजच आम्ही ठेवली नव्हती. मी प्रगतिपुस्तक पुढे केलं की मीही गुणांकडे न बघता तिच्या कपाळाकडे बघायचे. आठ्या चढल्या की मी प्रगतिपुस्तक पाठीमागे लपवायचे. मी किती वेळा त्या कपाळाला घाबरून रडले आणि किती वेळा त्याला जिंकण्यासाठी अभ्यास केला, ते तिला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तिला माहीत आहे.

कॉलेजसाठी मी सांगलीला गेले. हॉस्टेलच्या खोल्यांत तेव्हा गोरेपणाच्या क्रीमवरून भांडणं व्हायची. पुढे मोबाइलवर सुरकुत्यांच्या जाहिराती यायला लागल्या. विशी-पंचविशीतल्या मुली एकमेकींच्या कपाळाचे फोटो मोठे करून बघायच्या, रात्री कपाळाला पट्टी चिकटवून झोपायच्या. मला राग यायचा. राग आला की आमच्या घरात एकच गोष्ट होते. आमचा मैत्रिणींचा छोटा गट होता. त्यांच्यासाठी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘सुरकुती म्हणजे चूक नव्हे!’ मजकूर आईनेच तपासला. फोटो मात्र मी छापखान्यात ऐन वेळी घातला. खिडकीजवळ प्रूफ वाचणारी आई, हनुवटी वर, भुवया वर, कपाळावर सगळ्या रेघा. खाली मी ओळ लिहिली होती, ‘या कपाळावर एका बाईचं आयुष्यभराचं जागेपण आहे.’

ती ओळ मला फार आवडली होती. आता ती आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात.

ते पत्रक आम्ही सांगलीत वाटलं, आष्ट्याच्या बाजारात वाटलं, साताऱ्यात कॉलेजच्या फाटकांवर वाटलं. मुलींनी त्याचे फोटो काढून पुढे पाठवले. मी घरी आले तेव्हा आईने ते पत्रक हातात घेतलं, घडी उलगडली आणि बराच वेळ बघत राहिली.

“मला विचारायचं होतंस,” ती म्हणाली.

“तूच तर वाचलंस ना आधी!”

“मजकूर वाचला. हे नव्हतं त्यात.”

“आई, मला तुझ्या कपाळाचा अभिमान वाटतो.”

तिने पुन्हा फोटोकडे बघितलं. भुवया वर गेल्या. मी समजले की तिला भरून आलंय.

त्यानंतर मंडईत बायका तिला ओळखायला लागल्या. “अय्या, त्या कागदावरच्या तुम्हीच ना?” भाजीवाली तिच्या कपाळाकडे बघून मग तराजूकडे बघायची. आई पदर कपाळावर ओढून मंडईत जायला लागली. बाबांना ते खटकलं. ज्या घराने घुंघटाविरुद्ध लिहिलं, त्या घरातली बाई पदर पुढे ओढते म्हणजे काय? ते तसं तिला म्हणालेही. ती म्हणाली, “ऊन लागतंय.”

गेल्या हिवाळ्यात मला ती ट्यूब सापडली. मी कोनाड्यातून जुनी पत्रकं काढत होते आणि गुलाबी गठ्ठ्याच्या मागे ती आडवी पडलेली होती. अर्धी संपलेली, खालून नीट गुंडाळत आणलेली. वर एका गोऱ्या बाईचं गुळगुळीत कपाळ. मला क्षणभर खरंच कळेना की ही ट्यूब आमच्या घरात आली कुठून. मग आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं.

मी तेव्हा काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. थोडं लिहिते. “तू? तूसुद्धा?” असं मी म्हणाले. “लोकांना काय सांगू मी? ज्या बाईचा फोटो छापून मी पोरींना सांगते की घाबरू नका, तीच चोरून क्रीम लावते?” बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आले. त्यांनी ट्यूब हातात घेतली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि टेबलावर ठेवली. ते रागावले नाहीत. दुखावले. आमच्या घरात दुखावलेल्या माणसाचं वजन रागावलेल्यापेक्षा जास्त असतं.

आई भिंतीला टेकून उभी होती. “आष्ट्याच्या मावशीनं दिली,” एवढंच म्हणाली. आणि मग, “ह्या रेघा जातील का गं, कशानं?”

मी म्हणाले, “का जायला पाहिजेत?”

हा प्रश्न मी सभेत विचारतात तसा विचारला. उत्तर ऐकण्यासाठी विचारला नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती पीठ मळायला गेली.

आष्ट्याची मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोघींचं माहेर माणदेशातलं, मेंढरांच्या मागे फिरणारं घर. आईचं लग्न पत्रकं काढणाऱ्या मास्तरांशी झालं आणि मावशीला उसाच्या गावात दिली, त्यामुळे एकीच्या बोलण्यात पुस्तकं शिरली आणि दुसरीच्या बोलण्यात काहीच अडून राहिलं नाही. ट्यूबच्या भांडणानंतर काही दिवसांनी तिचा फोन आला.

“तुझ्या आईला सांगलीत कातडीच्या डॉक्टरणीकडं नेणार हाय मी. तू येणार का तिथं भाषाण करायला?”

“मावशी, हे डॉक्टर लुटतात. सुरकुत्या हा आजार नाही.”

“व्हय व्हय. समदं म्हाईत हाय तुला. येतीस का न्हाई, तेवढं सांग.”

साताऱ्यात डॉक्टर नाहीत असं नाही. पण साताऱ्यात आईला सगळे ओळखत होते, माझ्यामुळे. म्हणून ती एसटीने कऱ्हाडवरून आष्ट्याला जाणार होती आणि तिथून मावशीला घेऊन सांगलीला. मी तिच्याबरोबर गेले. सोबत करायला गेले नाही, भांडायला गेले. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती आणि त्या पत्रकाच्या काही प्रती. आईने त्या बघितल्या आणि खिडकीकडे तोंड केलं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळली की ती दोन बोटांनी कपाळ दाबायची. मी ते बघत होते. मला वाटलं, ती लाजतेय.

डॉक्टर माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. आई खुर्चीत बसली, मावशी तिच्या शेजारी, आणि मी उभी राहिले. डॉक्टर काही विचारायच्या आधीच मी सुरू झाले. बाजार, भीती, बायकांच्या चेहऱ्यावर चालणारा धंदा. मी पत्रकसुद्धा त्यांच्या टेबलावर ठेवलं. मावशी म्हणाली, “झालं सुरू.” डॉक्टरांनी मला थांबवलं नाही. पत्रक उचललं, फोटो बघितला, मग आईकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

“हा फोटो कधीचा, ताई?”

“दोन-तीन वर्षं झाली. का?”

उत्तर न देता त्या उठल्या. आईच्या समोर स्टूल ओढून बसल्या. “काकू, डोळे मिटा. अगदी अलगद. झोपल्यासारखे.” आईने डोळे मिटले. तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की डोळे मिटले की तिच्या कपाळावरच्या रेघा निम्म्या विरून जातात. मी तिला झोपलेलं कितीदा बघितलं असेल. पण झोपलेल्या माणसाच्या कपाळाकडे कोण बघतं?

डॉक्टरांनी दोन्ही अंगठे आईच्या भुवयांच्या वर टेकवले आणि कपाळ जागच्या जागी धरून ठेवलं. “आता उघडा.”

आईच्या पापण्या थोड्या हलल्या. उघडल्या, पण अर्ध्याच. बुबुळाच्या मध्यापर्यंत येऊन थांबल्या, ओढून धरलेल्या शटरसारख्या. कपाळ वर जायला धडपडत होतं आणि अंगठे त्याला जाऊ देत नव्हते.

“काय दिसतंय, काकू?”

“तुमच्या कोटाचं बटन.”

“माझं तोंड?”

“न्हाई,” आई म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी माहेरची भाषा येते. “तोंड न्हाई दिसत.”

डॉक्टरांनी हात काढले. भुवया झटकन वर गेल्या, रेघा पुन्हा खोल झाल्या आणि आईचे डोळे उघडले. माझं पत्रक टेबलावर होतं. ‘आयुष्यभराचं जागेपण.’

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या आईशीच बोलत होत्या, मी नुसती ऐकत होते. कपाळाच्या कातडीखाली एक पसरट स्नायू असतो, त्याचं काम भुवया वर उचलणं. तो उभा ओढतो म्हणून कातडीला आडव्या घड्या पडतात. तरुणपणी घडी पडते आणि उलगडते. तीच घडी त्याच जागी वर्षानुवर्षं पडत राहिली, वर उन्हाने कातडीचा ताण कमी केला, की ती उलगडेनाशी होते. मला कागद आठवला, आणि नख. बोलताना भुवया उडवायची सवय असेल, चष्म्याचा नंबर चुकलेला असेल, उन्हात डोळे बारीक करायची सवय असेल, प्रत्येकाची घडी आपापल्या कारणाने पडते. बिडी-सिगारेट असेल तर आणखी लवकर. काहींच्या घराण्यातच असते.

“तुमच्या पापण्या खाली येतात, काकू. त्या उचलणारा स्नायू कमी पडतो. म्हणून त्यांचं काम कपाळ करतंय. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत. कपाळ दुखत असेल ना?”

“संध्याकाळी लय,” आई म्हणाली. “म्हणून तर आले. मला वाटलं, ह्या रेघांमुळंच दुखतंय. रेघा गेल्या की दुखायचं थांबंल.”

मी खाली बघितलं. फरशीवर पांढरे-काळे चौकोन होते.

का जायला पाहिजेत, असं मी तिला विचारलं होतं. उत्तर हे होतं. ते तिच्याकडे तेव्हाही होतं.

मावशी पुढे सरकून बसली. “आवं डॉक्टरीणबाई, आमच्या आईचंबी असंच हुतं बगा. लोकं म्हणायची, सटवाईनं लय दाबून लिवलंय हिच्या कपाळावर. म्हातारपणी तर बोटानं पापणी वर धरून बगायची. आमी हसायचो.”

“म्हणजे घराण्यातच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “क्रीमने हे जाणार नाही. आणि सुरकुत्यांसाठी लोक ते इंजेक्शन घेतात ना, स्नायू सैल करणारं, ते तुमच्या कपाळाला कुणी दिलं तर रेघा जातील आणि डोळे मिटतील. कुणाकडेही घेऊ नका. तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. आधी ते तपासतील की दुसरा काही अशक्तपणा नाही ना. नसेल तर पापणीचं छोटं ऑपरेशन असतं.”

आईने विचारलं, “वाचायला येईल ना नंतर?”

“आत्तापेक्षा बरं येईल. आत्ता तुम्ही वाचता तरी कशा, याचंच मला आश्चर्य वाटतं.”

सटवाईने दाबून लिहिलंय, असं माणदेशातली माणसं माझ्या आजीच्या कपाळाकडे बघून म्हणाली. विचाराने पडल्यात, असं आम्ही तिच्या मुलीच्या कपाळाकडे बघून म्हणालो. वर पत्रक काढलं की कपाळ कोरं असतं. गावाने निदान छापून वाटलं नाही. कपाळाखाली बोटभर अंतरावर डोळे होते. तिकडे ना गावाने बघितलं, ना आम्ही.

निघताना डॉक्टरांनी पत्रक माझ्या हातात परत दिलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. “मथळा बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मी पण पेशंटला हेच सांगते, एका रात्रीत कपाळ इस्त्री करून देणारं काही नसतं. ऊन टाळा, टोपी घाला, सनस्क्रीन लावा, डोळे तपासून घ्या, कातडी कोरडी ठेवू नका. रात्री लावायची काही औषधी क्रीमं थोडा फरक पाडतात, पण विचारून. बाकी राहतात त्या राहतात. फक्त फोटो...” त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मग माझ्या कपाळाकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही बोलताना भुवया फार वर नेता हां. तुमच्याही पडायला लागल्यात.”

“तिच्या भाषाणानं पडल्यात,” मावशी म्हणाली.

परतीच्या गाडीत आईला खिडकी दिली. तिने हनुवटी वर करून बाहेर बघायला सुरुवात केली आणि मला ती हनुवटी पहिल्यांदा दिसली. ताठ मानेची बाई, असं मी तिच्याबद्दल एकदा लिहिलं होतं. ती पापण्यांच्या खालच्या फटीतून बघत होती. बाहेर काय दिसतं तेवढ्या फटीतून, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, “रस्ता दिसतो. झाडांचे बुंधे दिसतात.”

“शेंडे?”

“ते मान उचलली की.”

घरी बाबांना मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसून ऐकत होते. मग म्हणाले, “पण ती प्रूफं इतकी बारकाईनं वाचायची...” आणि थांबले. पुढे काही दिवस ते तिच्या समोर बसले की नजर कुठे ठेवावी हे त्यांना कळायचं नाही. एकदा मी ऐकलं, ते स्वयंपाकघरात तिला विचारत होते, “म्हणजे तुला माझं लिहिलेलं आवडायचं?” ती म्हणाली, “काही आवडायचं. काही लांबायचं.” एवढ्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. त्यांना वाटायचं, उत्तर समोर दिसतंय.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. दुसरं काही नव्हतं. ऑपरेशन ठरलं आणि साताऱ्यात बातमी पसरली, पण वेगळी होऊन. आमच्या गटातल्या एकीचा फोन आला. “काकू तोंडाचं ऑपरेशन करतायत म्हणे? सुरकुत्यांचं? पोरी विचारतायत गं, त्या पत्रकावरच्या बाईनं...”

मी घाईघाईने म्हणाले, “नाही नाही! डोळ्यांचं आहे. आजार आहे तो. सौंदर्याबिंदर्याचा काही संबंध नाही.” मी ते दोनदा म्हणाले. फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती, ओल्या हातांनी.

“आणि सौंदर्याचं असतं तर?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“कपाळ दुखत नसतं, दिसतही असतं. नुसतं वाटलं असतं मला, की जरा बरं दिसावं. मंडईत पदर न ओढता जावं. तर आली असतीस माझ्यासोबत?”

मला या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं आणि ते द्यायची हिंमत नव्हती. माझ्याकडे मुद्दे होते. बाजाराबद्दलचे सगळे मुद्दे मला आजही खरे वाटतात. पण समोर बाजार उभा नव्हता. आई उभी होती, आणि तिचं कपाळ मी तिला न विचारता शहरभर वाटलं होतं. लपायला तिला पदर तेवढा होता, त्यावरही आम्ही मत दिलं होतं. मी म्हणाले, “माहीत नाही.” तेही खोटंच होतं. आले नसते.

“बरं,” आई म्हणाली. तिने हात पुसले.

ऑपरेशनच्या वेळी ती जागी होती, जागा तेवढी बधिर केली होती. बाहेर आली तेव्हा पापण्या सुजून निळ्या पडल्या होत्या. पहिले काही दिवस ती कुणाला भेटली नाही. सूज उतरली तसे डोळे उघडत गेले. मी तिचे डोळे एवढे मोठे कधी बघितले नव्हते. घारे आहेत. मला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून बघितलं नव्हतं. एका सकाळी ती स्वयंपाकघरातून ओरडली. मी धावत गेले.

“अगं, वर जळमटं केवढी झालीत!”

ती छताकडे बघत होती, मान सरळ ठेवून. आमच्यापैकी कुणालाच ती जळमटं कधी दिसली नव्हती, आणि आमच्या पापण्यांना काही झालेलं नव्हतं. बाबांनी झाडू आणला. तिघांनी मिळून स्वयंपाकघर झाडलं.

कपाळ सैल व्हायला वेळ लागला. त्याला वर्षांची सवय होती, काम संपलंय हे त्याला कळायला आठवडे गेले. मग रेघा उथळ झाल्या. गेल्या नाहीत. पत्रकाची घडी उलगडून हाताने सपाट केली तरी कागदावर तिची रेघ राहतेच, तशा राहिल्या. पण संध्याकाळी ती कपाळ दाबत नाही.

मला आता तिचं कपाळ वाचता येत नाही. मी काही लिहून दाखवलं की ती वाचते, भुवया जागच्या जागी, चेहरा शांत, आणि मी अडकते. मला विचारावं लागतं, “कसं वाटलं?” आणि ती सांगते. बऱ्याचदा तिला आवडलेलं नसतं. पण कुठे आणि का ते सांगते. लहानपणी मी जिला घाबरायचे ती बाई ही नव्हे, असं वाटत राहतं. आणि मग वाटतं की तिला मी भेटलेच नव्हते.

मी दुरुस्तीचं पत्रक लिहायला घेतलं होतं. चूक छापली की दुरुस्ती छापायची, हे घरात शिकवलेलं. मथळा काढला, मजकूर लिहिला, पापण्यांची माहिती घातली, माफी घातली. आई वाचून झाल्यावर म्हणाली, “माहिती चांगली आहे. ती दे छापायला. मला काढ त्यातनं.”

“पण माफी...”

“माझ्या कपाळावर आता आणखी पत्रक नको. लिहायचं तर तुझ्या कपाळाबद्दल लिही.”

मी तिला काढलं आणि माहिती छापली. हे जे तुम्ही वाचताय ते मात्र मी तिला दाखवून लिहिलंय. ती म्हणाली, नावं घालू नकोस. घातली नाहीत.

जुन्या पत्रकांचा गठ्ठा मी रद्दीत देणार होते. आईने दिला नाही. शेंगदाणे वाळत घालायला खाली कागद लागतो, तिथे ती ते वापरते, फोटो खालच्या बाजूला करून.

तिने एक ट्यूब आणली आहे, सनस्क्रीनची. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलेली. ती कोनाड्यात, पत्रकांच्या पुढे उभी असते. परवा सकाळी मी चौकात पत्रकं वाटायला निघाले होते, पिशवी खांद्याला होती. आई आरशासमोर उभी राहून कपाळाला लावत होती, पदर खांद्यावर. तिने मला आरशातून बघितलं.

“इकडं ये.”

“आई, नको.”

“दुपारपर्यंत उन्हात उभी राहणार. ये.”

मी गेले. बाबांनी पेपर वर केला, चेहऱ्यापर्यंत. तिने बोटावर थोडं घेतलं आणि माझ्या कपाळाला टेकवलं. बोट थंड होतं. ती माझ्या कपाळाकडे इतक्या जवळून, उघड्या डोळ्यांनी बघत होती की मला कुठे बघावं कळेना. मान खाली घालायची तर कपाळ तिच्या हातात होतं. मला तिला सांगायचं होतं की मी आले नसते, त्या प्रश्नाचं खरं उत्तर ते होतं. मी तोंड उघडलं.

“आठ्या घालू नकोस,” ती म्हणाली. “पसरत नाही.”